सोमवारी दांडी मारणारा मुलगा

प्रश्न : मी कारखान्यात पर्यवेक्षक आहे. माझ्या हाताखाली वीस वर्षांचा एक मुलगा उमेदवारी करतो. पहिले सहा महिने त्याचं काम उत्तम होतं. आता दर सोमवारी दांडी मारतो, मापं चुकवतो, सुट्टीत एकटाच बसतो. रागावलो तर नुसती मान खाली घालतो. साहेब म्हणतात, काढून टाका. माझं मन धजत नाही. काय करू?

उत्तर : काढू नका. कामचुकार मुलगा सहा महिने जीव ओतून काम करत नाही. मधे काहीतरी बिनसलंय.

समुपदेशनात येण्याआधी मी आठ वर्षं कार्यशाळेत मुलांना शिकवत होते. असाच एक जण उशिरा यायचा. मी त्याला तीनदा लेखी ताकीद दिली. ‘रात्री झोप लागते का रे?’ एवढं एकदाही विचारलं नाही. मग तो यायचाच थांबला. त्याचा हत्यारांचा डबा महिनाभर कपाटात पडून होता. तो न्यायलाही कुणी आलं नाही. ती चूक माझी होती, आणि म्हणूनच तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे अठराव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. बहुतेक तेव्हा कुणाच्या लक्षातच येत नाहीत. मुलगा कामावर येतो तो हे ओझं घेऊनच. नैराश्य आणि चिंतेमुळे जगात दरवर्षी सुमारे १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात, असाही याच संघटनेचा अंदाज आहे. तुमच्याकडचे सोमवार त्यातलेच असू शकतात.

त्याला एकट्याला गाठा, चारचौघांत नको. ‘तुला काय झालंय?’ असं विचारलंत तर ‘काही नाही’ हेच उत्तर मिळेल. जे दिसलं तेच सांगा: ‘दोन महिन्यांपूर्वी तुझी मापं चुकत नव्हती. आता चुकतात. मला काळजी वाटते.’ मग गप्प बसा. ती शांतता तुम्हाला जड जाईल, पण ती तुम्ही मोडू नका. झोप आणि भूक कशी आहे, ते विचारा. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एरवीही डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायला त्याला कामाच्या वेळेतून मोकळीक द्या, आणि तो काय बोलला ते तुमच्यापाशीच ठेवा.

काम मात्र काढून घेऊ नका. थोडे आठवडे रात्रपाळी नको, यंत्रावरचं जोखमीचं काम नको. पण रोज पुरं होईल असं काहीतरी त्याच्या हातात असू द्या.

साहेबांना एवढंच विचारा: नवा मुलगा आणला तर त्याला शिकवायला पुन्हा सहा महिने कोण देणार?

बोलणं झालं की मला कळवा. मी वाट पाहते.