सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि एनके सेल मात्र 'हाय', मग काय करायचं?

अगं,

तुझ्या त्या पेशंटचं वाचलं. ट्यूब उघड्या, ओव्ह्युलेशन होतंय, नवऱ्याचं सिमेन नॉर्मल, तरी दिवस जात नाहीत म्हणून कुणीतरी रक्तातल्या एनके सेलची (नॅचरल किलर, इम्युनिटीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) टेस्ट करून घेतली, ती 'हाय' आली आणि आता इम्युनिटी दाबायला इंट्रालिपिडचं सलाईन लावू का असं विचारतेयस. माझं ऐकशील तर नको लावू.

१९५३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावरनी विचारलं होतं की बाळाचे निम्मे जीन वडिलांचे, म्हणजे आईच्या शरीराला ते परकंच, मग ती ते बाहेर का फेकत नाही. तेव्हापासून डोक्यात बसलंय की आईची इम्युनिटी म्हणजे गर्भाचा शत्रू, ती दाबली की काम झालं. पण गर्भाशयातल्या एनके सेल वेगळ्या असतात गं, हातातून काढलेल्या रक्तावरून त्यांचं काही कळत नाही, आणि सुरुवातीला त्याच तिथल्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात म्हणून पुढे वारेला रक्त पुरतं. त्यांना दाबून आपण नक्की काय मिळवणार?

इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीन तेलाचं सलाईन, ज्यांना खाता येत नाही त्यांच्यासाठी बनवलेलं. नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचायची ती लिट, ती अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीएने २००२ मध्येच रिसर्चबाहेर द्यायला मनाई केली आणि आपल्याकडे लोक अजून त्यासाठी दागिने मोडतात, याचा मला फार त्रास होतो. स्टेरॉइड तर सहज लिहूच नकोस, आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी लक्षणं न दाखवता बसलेला असतो, स्टेरॉइडने इम्युनिटी दबली की तो उसळू शकतो, आधी तो बघ.

इम्युनिटीचं सगळंच खोटं असं नाही हां. वारंवार गर्भपात होत असतील तर अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या) बघच, १२ आठवड्यांनी परत कर, दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आली तर अ‍ॅस्पिरिन आणि हेपरिन या गुठळ्या रोखणाऱ्या औषधांनी खरंच फायदा होतो. पण हिला एकदाही दिवस गेलेले नाहीत, हिचा प्रश्न तो नाही. थायरॉइडची टीएसएच टेस्ट बघ, थायरॉइडच्या अँटीबॉडी सापडल्या आणि टीएसएच नॉर्मल असेल तर उगाच थायरॉइडची गोळी नको, २०१९ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या ट्रायलमध्ये त्याने बाळं वाढली नाहीत.

मग द्यायचं काय? न्यूझीलंडमध्ये २०१८ ला अशाच जोडप्यांवर ट्रायल झाली, क्लोमिफिन किंवा लेट्रोझोल या अंडी वाढवायच्या गोळ्या देऊन तीन सायकल आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) केलेल्या १०१ पैकी ३१ जणींना बाळ झालं, नुसतं थांबलेल्या १०० पैकी ९ जणींना. साधा, स्वस्त उपाय आहे, आणि नाही जमलं तर आयव्हीएफ आहेच, वय पस्तिशीपुढे असेल तर त्यालाही फार उशीर नको.

आणि तिला नीट बसवून सांग की तुझं शरीर बाळाला मारत नाहीये. तो रिपोर्ट हातात आल्यापासून ती रात्री हेच घोकत असणार आणि घरात सासूबाईंनाही तेच ऐकवलं गेलं असणार, म्हणून नवऱ्यालाही सोबत बोलाव, दोघांसमोर बोल. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीला ये म्हणावं, तिथून सुरू कर.