एलईडीच्या चिपवर मुद्दाम नॅनो आकाराचे खड्डे का पाडतात?

चिप गुळगुळीत ठेवली तर उजेड जास्त पडायला हवा, असं तुम्ही म्हणताय. उलट आहे भावा! पंचगंगेत बुडी मारून वर बघितलंय कधी? (पावसाळा सोडून, पाणी नितळ असताना.) आभाळ डोक्यावरच्या एका गोलात दिसतं, बाकी सगळा आरसा. पाण्यात त्या गोलाच्या कडेचा, उभ्या रेषेपासून मोजलेला कोन सुमारे ४९ अंश; त्याहून तिरपा किरण बाहेर न पडता आतच परततो. चिपमध्येही हेच होतं. निळ्या एलईडीची चिप ज्या पदार्थाची असते त्या गॅलियम नायट्राइडचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप) २.४ च्या आसपास, म्हणून तिथं तो जेमतेम २४ अंश. सपाट पृष्ठभागातून ४-५ टक्केच प्रकाश निसटतो; उरलेला आतल्या आत आपटत राहतो, त्यातला बराचसा शेवटी चिप तापवतो. वर काहीशे नॅनोमीटरचे खड्डे किंवा सुळके केले की किरणाची दिशा बदलते आणि पुढच्या धडकेत तो सुटतो.

नुसत्या खडबडीतपणानं प्रकाश चहूकडे फाकतो. तेच खड्डे मोजून-मापून, ठरावीक अंतरावर मांडले तर हव्या त्या दिशेला झोत काढता येतो, वर वेगळं भिंग न लावता. छोट्या उपकरणात खरी गंमत ही. शिवाय चिपमध्ये प्रकाश मुळात किती झपाट्यानं तयार होतो, हेही भोवतालच्या रचनेवर ठरतं. एडवर्ड पर्सेल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं हे तत्त्व १९४६ सालीच मांडलं होतं.