सायकलच्या हँडलला मोबाइल होल्डर लावावा का? लावायचा झाल्यास कोणता?

बेळगावहून रविवारी जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला गिअरची सायकल घेऊन जाताना रस्ता पाहण्यासाठी होल्डर लावावा का आणि कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. मी टिळकवाडीहून उद्यमबागेत रोज सायकलनेच कामाला जातो, आणि सुटीच्या दिवशी आपण म्हणता त्याच रस्त्याला लागतो. आतापर्यंत तीन होल्डर वापरून झाले आहेत. होल्डर जरूर लावावा. मात्र त्याची किंमत पाहण्याआधी तो हँडलच्या नेमक्या कोणत्या भागावर बसणार आहे, ते पाहावे.

माझा पहिला होल्डर खडेबाजारातून घेतलेला, स्प्रिंगच्या जोरावर मोबाइलला दोन्ही कडांनी धरणारा होता. शहरातल्या रस्त्यांवर त्याने महिनाभर काही तक्रार केली नाही. पुढे किणयेजवळ एका गतिरोधकावर मी वेग कमी न करता गेलो, तेव्हा मोबाइल होल्डरमधून सुटून माझ्यापुढे हातभर उडाला आणि रस्त्याकडेच्या खडीवर पालथा पडला. काच तडकली, हा भाग वेगळा. पण घरी येऊन पाहिले तेव्हा होल्डरसुद्धा हँडलवर अर्धा इंच सरकून पुढे झुकलेला होता. म्हणजे चूक दोन ठिकाणी होती. स्प्रिंग फक्त कडा दाबते, त्यामुळे खालून बसणाऱ्या धक्क्याला अडवणारे तिथे काहीच नसते. आणि होल्डरचा पट्टा मी हँडलच्या उतरत्या भागावर आवळला होता.

हा उतरता भाग समजून घेणे महत्त्वाचे आहे. आजकालच्या बहुतेक गिअरच्या सायकलींचे हँडल मध्यभागी ३१.८ मिमी जाड असते आणि मुठींकडे जाताना निमुळते होत २२.२ मिमीवर येते. जुन्या काळ्या सायकलीला हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिचे हँडल सडपातळ असते. तिथे अडचण होते ती ब्रेकच्या सळ्यांची. निमुळत्या भागावर कितीही आवळले तरी होल्डर हादऱ्यांनी बारीक बाजूकडे सरकतोच, म्हणून तो मधल्या सरळ भागावर, स्टेमला (म्हणजे हँडल मध्यभागी धरून ठेवणाऱ्या आखूड दांड्याला) लागूनच बसवावा. दुकानात जाण्यापूर्वी त्या जागी दोऱ्याचा एक वेढा द्यावा आणि दोरा पट्टीवर मोजावा. लांबी १०० मिमीच्या आसपास भरली तर हँडल ३१.८ चे, ८० भरली तर २५.४ चे आणि ७० भरली तर २२.२ चे, असे समजावे. दुकानदार ‘सगळ्याला बसतंय’ असे सांगतो तेव्हा हा दोरा खिशात असलेला बरा.

होल्डर थोडा सैल होत असेल तर पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा दोन बोटे रुंद तुकडा मागून घ्यावा. ट्यूबच्या आत पांढरी पावडर असते. ती ओल्या फडक्याने पुसून काढल्याशिवाय तुकडा लावू नये, नाहीतर रबर पकडण्याऐवजी घसरते. तो हँडलभोवती एकच वेढा घालून त्यावर होल्डर आवळावा. मग मोबाइल न लावता पुढचे चाक वीतभर उचलून तीन-चार वेळा सोडावे. होल्डर जराही फिरला तर पुन्हा आवळावा.

प्रकाराबद्दल माझे मत असे आहे की, चारही कोपऱ्यांवर सिलिकॉनची जाळी ताणून बसणारा होल्डर आपल्या कामाला पुरेसा आहे. त्याचे रबर उन्हाने कडक होते, म्हणून दर उन्हाळ्यानंतर ते ताणून भेगा पडल्या आहेत का, ते पाहावे. स्क्रूने आवळायचा, चार बोटांचा धातूचा होल्डर अधिक भक्कम असतो. मात्र तो हादरे जसेच्या तसे मोबाइलपर्यंत पोचवतो. अ‍ॅपलने २०२१ मध्ये मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा दिला होता. सायकलला इंजिन नसते हे खरे, तरी खराब रस्त्यावर तासन्‌तास महागडा मोबाइल धातूच्या चिमट्यात ठेवणे मला पटत नाही.

पावसाळ्यात मी होल्डर वापरतच नाही. पडद्यावर थेंब पडले की त्यालाच बोट समजून नकाशा भलतीकडे सरकतो, आणि पारदर्शक पिशवीत घातला तर आतून वाफ धरते. उन्हात उलट त्रास असतो: पडदा पूर्ण उजेडात सतत चालू राहिला की मोबाइल तापतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते.

राहता राहिला नजरेचा प्रश्न. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद पडद्याकडे पाहिले, तर तेवढ्यात सायकल ११ मीटर पुढे गेलेली असते, आणि खड्ड्यात जायला तेवढे अंतर पुष्कळ झाले. त्यामुळे पडदा बंद ठेवून मी सूचना फक्त आवाजाने ऐकतो आणि पाहायचेच असेल तर कडेला थांबतो. पिरनवाडीला खानापूरचा आणि जांबोटीचा रस्ता वेगळा होतो, तिथे नवख्याने थांबून खात्री करून घ्यावी. त्यानंतर कणकुंबीपर्यंत नकाशाची गरज क्वचितच पडते. पुढे घाटाकडे नेटवर्क भरवशाचे नाही, म्हणून त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवरच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा.

कामावर जाताना माझा होल्डर रिकामाच असतो आणि मोबाइल बॅगेत. ज्या रस्त्याने रोज जायचे, तो पाहायला नकाशा कशाला लागतो?