सरकारी यंत्रणा कमकुवत असेल तर जादा निधी देऊन उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय, यंत्रणाच पोखरलेली असेल तर सरकारने जास्त पैसा ओतून काही साधतं का? साधतं थोडंफार. पण गळती हा अर्धाच प्रश्न आहे. पैसा कशावर जाणार, हेही शेवटी यंत्रणाच ठरवते, त्याकडे फारसं कुणी बघत नाही.

विदर्भातला गोसीखुर्द धरणाचा सिंचन प्रकल्प घ्या. १९८३ साली मान्यता मिळाली तेव्हा अंदाजित खर्च होता ३७२ कोटी. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. २०१६ पर्यंत आकडा साडेअठरा हजार कोटींच्या घरात गेला. महागाई, भूसंपादन, पुनर्वसन ही कारणं खरी आहेत, नाकारत नाही. पण राज्यात एकाच वेळी शेकडो प्रकल्प उघडून ठेवले, की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर निधी येतो, काम रखडतं, दर वाढतात, आणि मग येते सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. नव्या धरणाला नारळ फुटतो, फोटो निघतो, मोठं टेंडर निघतं. पोटचाऱ्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणारे छोटे कालवे, पूर्ण करण्यात, गाळ काढण्यात यातलं काहीच नाही. म्हणून भिंत उभी राहते आणि पाणी शेतापर्यंत पोचत नाही.

मी काही वर्षं एका ठेकेदाराकडे बिलं बनवायचो, तिथलं एक सांगतो. खोदाईत मुरूम लागला तर दर कमी, कठीण खडक लागला तर बराच जास्त. मोजमाप पुस्तकात, म्हणजे ज्यात झालेल्या कामाची नोंद होते त्यात, 'कठीण खडक' लिहिलं आणि वर भराव पडला, की तपासणार कोण? तपासायला दुसरा अभियंता लागतो, आणि त्याची बदली आमदाराच्या एका फोनवर होणार नसेल तरच तो खड्ड्यात उतरतो. आता सगळं ऑनलाइन आहे म्हणतात. टेंडर असेल, खडक अजून जमिनीतच आहे.

म्हणून निधीच बंद करा, असं मी म्हणणार नाही. युगांडात १९९१ ते ९५ दरम्यान शाळांना द्यायच्या अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोचत होते. मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली, शाळांनाही आलेली रक्कम फलकावर लावायला सांगितली. २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. श्रेय एकट्या जाहिरातींचं किती, यावर अर्थतज्ज्ञ भांडतात, कारण त्याच काळात इतरही सुधारणा झाल्या. पण हेडमास्तरांना आपल्या शाळेच्या नावावर किती निघाले हे कळायला लागलं, एवढं नक्की.