हप्ता, व्याज आणि घरात न सांगितलेले कर्ज

प्रश्न : माझे यजमान वडगावात यंत्रमागावर कामाला आहेत. दर शनिवारी सुमारे ४,००० रुपये पगार हातात येतो. मी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करून महिन्याला चारेक हजार मिळवते. गेल्या वर्षी सासूबाईंचे ऑपरेशन आणि मुलीचा पीयूसीचा (अकरावीचा) प्रवेश एकदमच आला. मायक्रोफायनान्स कंपन्यांची, बायकांच्या गटामार्फत मिळणारी दोन गटकर्जे झाली. त्यांचे हप्ते महिन्याला २,७०० आणि २,३०० रुपये आहेत. शिवाय ओळखीच्या एका बाईंकडून ४०,००० रुपये शेकडा पाचने घेतले. चौदा महिने दरमहा २,००० देत आहे, तरी मुद्दल तसेच आहे. यजमानांना फक्त पहिले गटकर्ज ठाऊक आहे. आता तिसऱ्या कंपनीच्या बाई ६०,००० देऊ म्हणतात. घ्यावे का? आईने दिलेल्या दोन पाटल्या तेवढ्या जवळ आहेत. हप्त्याच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. सगळे सोडून कुठेतरी निघून जावेसे वाटते.
— एक भगिनी, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. निघून जावेसे वाटणे हे कर्जाच्या ओझ्याने थकलेल्या मनाचे लक्षण आहे आणि त्यावर मदत मिळते. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते. हप्त्याच्या आदल्या रात्री अंधारात एकटीने हिशेब करत पडून राहण्यापेक्षा तो फोन जरूर करा.

आता पैशाकडे वळू. तुमच्या तीन कर्जांपैकी कोणते कर्ज तुम्हाला सर्वांत जास्त छळते, असे विचारले तर तुम्ही बहुधा गटाचे म्हणाल, कारण हप्त्याच्या दिवशी मीटिंगला चार बायकांसमोर बसावे लागते. खरे नुकसान मात्र दुसरीकडूनच होत आहे. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. चौदा महिन्यांत तुम्ही २८,००० रुपये दिलेत आणि आजही पूर्ण ४०,००० देणे आहे. त्या बाई दारात येऊन आवाज चढवत नाहीत, म्हणून हे सर्वांत महाग कर्ज सर्वांत मागे राहिले. असे अनेक घरांत होते; जो मोठ्याने मागतो त्याचे आधी भागवले जाते.

म्हणून माझा सल्ला असा की, तिसऱ्या कंपनीचे कर्ज घेऊ नका आणि पाटल्या विकूही नका. त्या राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा खात्रीच्या पतसंस्थेत गहाण ठेवून तेवढेच ४०,००० घ्या आणि त्या बाईंचे कर्ज एकदाच फेडून टाका. सोनेतारण वर्षाला बारा टक्क्यांनी मिळाले असे धरले, तर पहिल्या महिन्याचे व्याज ४०० रुपये होते. आज जे २,००० तुम्ही नुसत्या व्याजापोटी देता, तेवढेच दरमहा या खात्यात भरत राहिलात तर तेवीस महिन्यांच्या आत मुद्दलासह कर्ज संपते आणि पाटल्या घरी येतात. आईची खूण तिजोरीत ठेवायला मन धजावत नाही, हे मी जाणते. माझ्या घरीही ही वेळ येऊन गेली आहे. सही करण्यापूर्वी मात्र मधल्या काळात मुद्दलात रक्कम भरू देतात का, हे विचारा आणि पावतीवर दागिन्याचे एकूण व निव्वळ वजन लिहून घ्या.

तिसरे गटकर्जही शेकडा पाचपेक्षा स्वस्तच पडेल, मग ते का नको, असे तुम्ही विचाराल. वर्षाला चोवीस टक्के धरले, तरी दोन वर्षांच्या ६०,००० चा हप्ता सुमारे ३,१७० रुपये होतो. आधीचे पाच हजार मिळवून ८,१७० झाले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत हप्ते असू शकतात, त्यामुळे कंपनी तुम्हाला कर्ज देऊ शकते. परंतु सूत महागले किंवा मागणी थांबली की माग बंद पडतात, हे वडगाव-खासबागेतल्या घरांना सांगायला नको. तशा आठवड्यात हा हप्ता कोठून भरणार? आणि गरज चाळीस हजारांची असताना साठ कशाला?

घरखर्चाबाबत एकच गोष्ट सांगते. तुमचा पगार आठवड्याचा आणि हप्ते महिन्याचे, इथेच ओढाताण होते. वर्षात बावन्न आठवडे असल्यामुळे साधारण चार महिन्यांत पाच शनिवार येतात. महिना चार पगारांत बसवा आणि पाचव्या शनिवारचे ४,००० माग बंद असलेल्या आठवड्यांसाठी पिग्मीत किंवा बचत खात्यात टाका. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० तुम्हाला येत असतील तर तेही हप्त्याच्या हिशेबात धरू नका. ते कधी उशिरा येतात, कधी एकदम येतात. आले की मुलीच्या फीसाठी बाजूला काढा.

यजमानांना सांगणे हे यातले सर्वांत अवघड काम आहे, आणि पाटल्या गहाण ठेवण्याआधी ते झाले पाहिजे. शनिवारी पगार घेऊन दमून आलेल्या माणसासमोर हा विषय काढू नका. रविवारी सासूबाई निजल्यावर, मुलीच्या वहीच्या एका पानावर तिन्ही कर्जे, हप्ते आणि बाकी लिहून ते पान त्यांच्यासमोर ठेवा. ‘अहो, हे पैसे आईंच्या ऑपरेशनचे आणि पोरीच्या प्रवेशाचे आहेत. तुम्हाला सांगायला भ्याले. आता फेडायचा मार्गही लिहिलाय, आधी पूर्ण वाचा,’ एवढे पुरे. ते रागावतील, रागावू द्या. तुम्ही हे पैसे उधळलेले नाहीत.

गटकर्जाचे हप्ते चुकवू नका, पण तुमचे हक्कही माहीत असू द्या. तुम्हाला समजणाऱ्या भाषेत कर्जाचे कार्ड देणे कंपनीवर बंधनकारक आहे. कानडी किंवा इंग्रजी कळत नसेल तर मराठीत मागा. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धाकदपटशाच्या वसुलीविरुद्ध कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला आणि पुढे त्याचा कायदा झाला, त्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कंपनीकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी माहिती १४४४८ वर मिळते.

त्या बाईंना पैसे देताना एकट्या जाऊ नका, यजमानांना बरोबर न्या. तुम्ही कोरा चेक किंवा सही केलेला बाँड दिला असेल तर तो आधी हातात घ्या, मगच पैसे मोजा, आणि ‘४०,००० मुद्दल पूर्ण मिळाले, काही बाकी नाही’ असे त्यांच्या सहीने तारखेसह लिहून घ्या.