फोटो स्पर्धेत फोटो पाठवला की त्याचे हक्क आयोजकांचे होतात का?

जायकवाडीच्या फ्लेमिंगोचा फोटो पाठवायचाय अन् नियमात 'आलेल्या सर्व फोटोंचे हक्क आयोजकांकडे राहतील' असं लिहिलंय म्हणता, तर आधी हे की फोटो तुम्ही स्वतःसाठी काढला असंल तर कॉपीराइट तुमचाच, १९५७ चा कॉपीराइट कायदा तेच सांगतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. पण ऑनलाइन फॉर्मवर 'मान्य आहे' ला टिक केलं की तेच पुढं आपल्या अंगावर येऊ शकतं, म्हणून टिक करायच्या आधी वाचा.

निकाल, प्रदर्शन, पुढच्या वर्षीच्या स्पर्धेची जाहिरात, याला नावासकट वापरू द्या, रास्त आहे ते. पण ५०० रुपयांचं बक्षीस अन् त्यात हरलेल्यांचे पण फोटो कायमचे, कॅलेंडरला, होर्डिंगला, वर तिसऱ्याला विकायला? हे तर सरळ फुकटात फोटो गोळा करायलेत, दुसरं काय!

हक्क किती काळासाठी दिले ती मुदत लिहिलेली नसली तर कायदा ५ वर्षं धरतो, कुठं वापरायचे तो प्रदेश नसला तर भारतापुरतंच. म्हणून 'कायमस्वरूपी, जगभर' दिसलं की थांबा अन् आयोजकाला मेल टाका, की फक्त स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी, नॉन-एक्सक्लुझिव्ह (म्हणजे तोच फोटो तुम्हाला दुसरीकडं पण देता येईल), एक वर्ष, असं लिहून द्याल का. नियम कुठून तरी कॉपी करून चिकटवलेले असतात बऱ्याचदा, विचारलं तर बदलतात पण. अन् हक्क दिले तरी फोटोखाली नाव मागायचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम ५७ नं राहतोच बरं का. तोवर छोट्या साइजचा फोटो पाठवा, रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ फाईल) आपल्याकडंच ठेवा.