चौदा वर्षांनी पुन्हा नदीवर: आधी लाइन आणि बूट, रॉड नंतर

प्रश्न: मी डेन्व्हरला राहतो. मुलं झाली आणि फ्लाय फिशिंग (कीटकासारख्या हलक्या नकली आमिषाने, म्हणजे फ्लायने केलेली मासेमारी) सुटलं, त्याला १४ वर्षं झाली. गराजमध्ये ९ फुटी ५-वेट (फेकायच्या दोरीच्या, म्हणजे लाइनच्या, वजनाचा क्रमांक) ग्रॅफाइट रॉड, रील, वेडर्स (पाण्यात उतरायची जलरोधक पँट) आणि बूट पडून आहेत. सगळा संच नवा घ्यायचा तर २,४०० डॉलर होतात. खर्च भागून महिन्याला १०० डॉलर उरतात. क्रेडिट कार्डावर घेऊ का?

उत्तर: नको. कार्डाचा दर २२ टक्के धरला आणि महिन्याला १०० डॉलर भरले, तर कर्ज फिटायला ३२ महिने लागतील आणि व्याजच सुमारे ७९० डॉलर जाईल. तेवढ्या काळात एखादा हप्ता चुकला की विलंब शुल्क वेगळं. शिवाय १४ वर्षांनी तुमचे पाय नदीकडे किती वेळा वळतील, हे अजून तुम्हालाही कळलेलं नाही.

मुळात रॉड सहसा खराब होत नाही. सांधे जोडून हलके हलवा, खडखड आली तर फेरूल (रॉडचे तुकडे जोडणारा सांधा) सैल आहे किंवा चिरलंय. प्रत्येक गाइडमधून (लाइन ओवायच्या कडीतून) कापूस फिरवा. धागा अडकला तर तिथे खाच आहे, आणि ती खाच नवी लाइन कापेल. एखादा गाइड बदलून घेणं नव्या रॉडपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

लाइन मात्र नक्की बदला. तिचं प्लास्टिकचं आवरण मऊ ठेवणारं द्रव्य वर्षांगणिक निघून जातं. मग आवरणाला तडे जातात, पाणी आत शिरतं आणि तरंगणारी लाइन बुडायला लागते. फेक बिघडते आणि माणसाला वाटतं, आपला हात गेला. इथेच लोक उगाच नवा रॉड घेतात. खरेदी करताना डब्यावरचं वजन वाचा: ५-वेटच्या प्रमाणानुसार पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन (सुमारे ९ ग्रॅम) असतं. आजच्या बऱ्याच लाइन नव्या ताठ रॉडसाठी त्याहून जड बनवतात. तुमच्या जुन्या रॉडला १४० च्या आसपासचीच घ्या. मागचं बॅकिंग (रीलवर लाइनच्या मागे जोडलेला बारीक दोरा) हाताने ओढून पाहा, तटकन तुटलं तर तेही बदला. जुना नायलॉनचा लीडर (लाइनच्या टोकाचा पारदर्शक दोरा) आणि टिपेट (त्याचा शेवटचा बारीक तुकडा) सरळ कचऱ्यात टाका. ते गाठीपाशी तुटतात.

बुटांवर काटकसर करू नका. इतकी वर्षं पडून राहिलेल्या बुटांचा गोंद मरतो, तळवा वाहत्या पाण्यात सुटतो आणि गुळगुळीत दगडांवर माणूस आडवा होतो. दवाखान्याचं बिल बुटांच्या किमतीत बसत नाही.

वेडर्स श्वास घेणाऱ्या कापडाचे असतील तर उलटे करून आतून आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. भोक असेल तिथे गडद ठिपका दिसेल. त्यावर वेडर्ससाठीचा सीलंट लावून रात्रभर वाळू द्या. शिवणीच सुटल्या असतील तर डागडुजी टिकत नाही. पण लगेच नवे घेऊ नका. बर्फाचं पाणी ओसरलं की जुलैच्या मध्यापासून लहान ओढ्यांत पटकन वाळणारी पँट आणि बूट पुरतात. चीजमन धरणाखालच्या साउथ प्लॅट नदीवर, डेकर्स गावाकडे जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथलं पाणी धरणाच्या खोलातून येतं, भर उन्हाळ्यातही गार असतं. त्या दिवसापुरते वेडर्स भाड्याने घ्या.

हिशोब असा: लाइन ८०, लीडर-टिपेट ३०, बूट १५०, थोड्या फ्लाय ४०, ढोबळमानाने ३०० डॉलर. म्हणजे तीन महिन्यांची शिल्लक, कर्ज शून्य. कोलोरॅडोचा मासेमारीचा परवाना वेगळा, तो किती काळ चालतो ते घेताना पाहून घ्या.

त्यानंतरचे १०० डॉलर दरमहा वेगळ्या खात्यात टाका. ऑक्टोबरपर्यंत आठ-दहा वेळा नदीवर गेलात आणि जुना रॉड खरंच कमी पडला, तर त्या पैशातून नवा घ्या. घेण्याआधी दुकानाबाहेरच्या हिरवळीवर त्याला स्वतःची लाइन लावून ३० ते ४० फूट फेकून पाहा, कारण ट्राउट मासे बहुतेक तेवढ्याच अंतरावर धरायचे असतात.